सबअरॅक्नॉइड रक्तस्रावानंतर मेंदूच्या रक्तप्रवाहाचं नियमन कसं तपासायचं: आयसीयूतल्या खाटेजवळची पद्धत

सकाळच्या राउंडला हे हमखास घडतं. टीसीडीचा (ट्रान्सक्रेनियल डॉपलर, म्हणजे कवटीबाहेरून ध्वनिलहरींनी मेंदूच्या धमन्यांतला रक्ताचा वेग मोजणं) कागद फाइलला लावलेला असतो: डावी एमसीए (मेंदूची मधली मोठी धमनी) १६८, उजवी ११०. मी विचारते, हे मोजलं तेव्हा बीपी किती होतं? रेसिडेंट मॉनिटरकडे बघतो, सिस्टर चार्ट उलटायला लागतात. चार्टवर दहाचं बीपी आहे, अकराचं आहे. टीसीडी झालं साडेदहाला, आणि मधल्या तासाभरात नॉरअॅड (बीपी चढवणारं औषध) दोनदा बदललेलं. म्हणजे तो १६८ आता कशालाच जोडता येत नाही.

ऑटोरेग्युलेशन म्हणजे दाब आणि प्रवाह यांच्यातलं नातं. रक्तदाब चढला की निरोगी मेंदूतल्या बारीक धमन्या आकसतात, उतरला की रुंदावतात, आणि प्रवाह जवळपास तेवढाच राहतो. हे बिघडलं की प्रवाह दाबाच्या मागे फरफटत जातो: बीपी पडलं की मेंदू उपाशी, बीपी चढलं की सूज. त्यामुळे नुसता प्रवाह किंवा नुसता दाब कितीही काळजीपूर्वक मोजला तरी प्रश्नाचं उत्तर मिळत नाही. दोन्ही एकाच क्षणी, एकाच पातळीवरून आणि बाकी सगळं स्थिर ठेवून मोजावं लागतं. पुढचे सगळे टप्पे त्यासाठीच आहेत.

हे लिहिलंय आयसीयूतल्या सिस्टर-ब्रदर आणि रेसिडेंटसाठी. रुग्ण प्रौढ, धमनीचा फुगा फुटून सबअरॅक्नॉइड रक्तस्राव (मेंदूभोवतीच्या आवरणांखाली रक्त सांडणं) झालेला, आणि फुगा क्लिप किंवा कॉइलने बंद झालेला, असं गृहीत धरलंय. फुगा अजून उघडा असेल तर दाबाशी खेळणारी कुठलीही चाचणी करायची नाही. मेंदूच्या आत रक्ताची गाठ झालेल्या, म्हणजे उच्च रक्तदाबाच्या नेहमीच्या रक्तस्रावाचं गणित वेगळं आहे. तिथे सुरुवातीचं वरचं बीपी १५० ते २२० असेल तर ते १४० च्या आसपास, १३० ते १५० या पट्ट्यात आणायचं आणि १३० च्या खाली ढकलायचं नाही, असं अमेरिकन स्ट्रोक असोसिएशनच्या २०२२ च्या सूचना सांगतात. ते आकडे इकडे उचलून आणू नका. उपचारात बदल करायचा तो तुमच्या युनिटच्या कन्सल्टंटशी बोलूनच.

## तयारी: आधी चार्ट, मग यंत्र

यंत्राला हात लावण्याआधी एक कोरा कागद घ्या आणि एकाच ओळीत हे रकाने आखा: वेळ (मिनिटासह), रक्तस्रावाचा दिवस, एमएपी (धमनीतला सरासरी रक्तदाब), आयसीपी (कवटीच्या आतला दाब), सीपीपी (मेंदूला रक्त पुरवणारा दाब), एंड-टायडल सीओटू (सोडलेल्या श्वासाच्या शेवटचा) किंवा एबीजीतला (धमनीतल्या रक्ताच्या तपासणीतला) सीओटू, ताप, हिमोग्लोबिन, चालू इन्फ्यूजनचा वेग, जीसीएस (शुद्धीचा गुणांक), आणि शेवटी टीसीडीचे दोन्ही बाजूंचे आकडे. टीसीडीसाठी वेगळा कागद नको. ती सवय मोडली की अर्ध्या चुका तिथेच संपतात.

लागणारं साहित्य: आर्ट लाईन, म्हणजे धमनीत बसवून सतत बीपी दाखवणारी नळी (कफचं बीपी या कामाला चालत नाही, ते काही मिनिटांतून एकदा येतं), असेल तर ईव्हीडी (मेंदूतलं पाणी बाहेर काढणारी नळी) किंवा आयसीपीची तार, २ मेगाहर्ट्झचा टीसीडी प्रोब, जेली, त्वचेवर खूण करायला मार्कर आणि एक साधी मोजपट्टी. मोजपट्टी ऐकून लोक हसतात. तिची गरज दुसऱ्या टप्प्यात कळेल.

## टप्पा १: दिवस शून्य ठरवा

रक्तवाहिन्यांचा स्पॅझम, म्हणजे त्या आकसणं, साधारण तिसऱ्या दिवसापासून चौदाव्या दिवसापर्यंत येतो, आणि सातव्या ते दहाव्या दिवसात सर्वाधिक असतो. हे दिवस रक्तस्रावापासून मोजायचे. चार्टवर मात्र बहुतेक वेळा 'भरतीचा दिवस' लिहिलेला असतो, आणि आपल्याकडे या दोन्हींत मोठी तफावत पडते. रुग्ण गावातच दोन दिवस 'पित्ताची डोकेदुखी' म्हणून गोळ्या घेत राहतो, मग तालुक्याला सलाइन लागतं, मग सीटी होतो, मग अँब्युलन्स. आपल्याकडचा 'पहिला दिवस' हा खरं तर चौथा असतो आणि आपण निवांत असतो.

नातेवाइकांना तारीख विचारली की गोंधळ होतो. प्रसंग विचारा. "डोक्यात एकदम घण बसल्यासारखं कधी झालं? त्या दिवशी घरात काय चाललं होतं?" एका आजींच्या सुनेला तारीख आठवत नव्हती, पण "संकष्टीला मोदक वळताना त्यांनी डोकं धरलं" हे पक्कं आठवत होतं. कॅलेंडर काढलं, दिवस शून्य मिळाला. भरतीच्या कागदापेक्षा तो तीन दिवस मागे होता.

त्याच वेळी आणखी एक गोष्ट विचारून घ्या: नेहमीचं बीपी किती असायचं, गोळी चालू होती का, मध्येच सोडली होती का. ऑटोरेग्युलेशनचा पट्टा एमएपी ५० ते १५० असा पुस्तकात छापलेला असतो. ती सरासरी आहे. वर्षानुवर्षं बीपी चढलेलं असणाऱ्या माणसाचा पट्टा वरच्या बाजूला सरकलेला असतो. दुसऱ्या कुणाला पुरणारं ७० चं एमएपी त्याला अपुरं पडू शकतं.

तपासा: 'रक्तस्रावाचा दिवस' खाटेच्या फलकावर मोठ्या अक्षरात लिहिलाय का? पहिलं मोजमाप शक्यतो पहिल्या-दुसऱ्या दिवशीच झालेलं हवं. स्पॅझम सुरू झाल्यावर घेतलेल्या आकड्याला या रुग्णाची मूळ पातळी म्हणता येत नाही. शिवाय ऑटोरेग्युलेशन स्पॅझमच्या आधीही बिघडतं. पहिल्या पाच दिवसांत ते बिघडलेलं असेल तर पुढे मेंदूला रक्त कमी पडण्याचा धोका जास्त असल्याचं आढळलेलं आहे.

## टप्पा २: दाबाची पातळी आणि झिरो

सर्वांत जास्त चुका इथे होतात, आणि त्या दिसत नाहीत, कारण मॉनिटरवर छान लाट चाललेली असते.

सीपीपी म्हणजे एमएपी वजा आयसीपी. आयसीपीचा ट्रान्सड्यूसर (दाब मोजणारा भाग) आपण कानाच्या छिद्रापुढच्या कुर्चेच्या, म्हणजे ट्रॅगसच्या पातळीला लावतो. आर्ट लाईनचा मात्र सवयीने हृदयाच्या पातळीला. डोकं ३० अंश उचललेलं असलं की या दोन पातळ्यांत सहज १५ ते २० सेंटिमीटर अंतर पडतं. १३.६ सेंटिमीटर उंची म्हणजे पाऱ्याचे १० मिलिमीटर. मग वजाबाकी दोन वेगळ्या मजल्यांवरच्या आकड्यांची होते आणि सीपीपी फुगून दिसतो.

मी स्वतः हे केलंय. शिकत होते तेव्हाची रात्रपाळी. सीपीपी ७४ लिहीत होते, तासामागून तास, सुंदर अक्षरात. पहाटे सीनियर आले, खिशातून पट्टी काढली आणि ट्रान्सड्यूसरपासून ट्रॅगसपर्यंत धरली. २० सेंटिमीटर. म्हणजे जवळपास १५ मिलिमीटर वजा. मेंदूला रात्रभर ५९ मिळत होते. ते काही बोलले नाहीत, फक्त चार्टवर माझ्या आकड्यांशेजारी खरे आकडे लिहीत गेले. पट्टी तेव्हापासून माझ्या एप्रनमध्ये असते.

क्रम असा ठेवा:

1. डोकं ३० अंशांवर, मान सरळ. मान एका बाजूला वळली किंवा कॉलर, ट्यूबची फीत घट्ट असली की शिरांतून रक्त परतायला अडथळा होतो आणि आयसीपी चढतो.
2. आर्ट लाईन आणि आयसीपी दोन्ही ट्रान्सड्यूसर ट्रॅगसला आणा आणि दोन्ही झिरो करा (बाहेरच्या हवेचा दाब शून्य धरून). युनिटचा नियम आर्ट लाईन हृदयाला ठेवण्याचा असेल तर नियम मोडू नका. अंतर पट्टीने मोजा, मिलिमीटरमध्ये बदलून वजा करा, आणि चार्टवर लिहा की आकडा कुठल्या पातळीचा आहे.
3. आर्ट लाईनची प्रेशर बॅग ३०० वर आहे का बघा. फ्लश खेचून सोडा. सोडल्यावर लाट एक-दोन हेलकावे घेऊन जागेवर यायला हवी. एकही हेलकावा नसेल तर नळीत बुडबुडा, गुठळी किंवा वाकलेला कॅथेटर शोधा. खूप हेलकावे असतील तर वरचं बीपी फुगवून दाखवलं जातंय.
4. ईव्हीडी असेल तर आयसीपी वाचण्याआधी निचऱ्याकडची तोटी बंद करा. पाणी वाहत असताना दिसणारा आकडा हा ठिबकण्याच्या उंचीचा दाब असतो, डोक्यातला नव्हे. लाट उमटून स्थिर होईपर्यंत थांबा, वाचा, लिहा आणि तोटी पुन्हा उघडा.

सावधान: ईव्हीडीच्या ट्रान्सड्यूसरला प्रेशर बॅग कधीही जोडायची नाही. आणि तोटी उघडायला विसरणं हा या सगळ्या कामातला सर्वांत धोक्याचा विसर आहे. ज्याने बंद केली त्यानेच उघडायची. मध्ये फोन आला, तरी आधी तोटी.

तपासा: एक्स-रेला किंवा अंग पुसायला खाट वर-खाली केली का? केली असेल तर झिरो आणि पातळी पुन्हा. ट्रान्सड्यूसर सलाइन स्टँडला बांधलेला असतो आणि रुग्ण खाटेबरोबर हलतो, एवढी ही साधी गोष्ट आहे.

## टप्पा ३: बाकी सगळं स्थिर करा

प्रवाहाला हलवणाऱ्या दाबाखेरीजच्या गोष्टींत पहिला नंबर कार्बन डायऑक्साइडचा. धमनीतला सीओटू १ मिलिमीटरने बदलला की मेंदूचा प्रवाह साधारण ३ ते ४ टक्क्यांनी बदलतो. म्हणजे काल सीओटू ३४ असताना टीसीडी झालं आणि आज ४१ असताना, तर धमनी तशीच असूनही वेग बराच वाढलेला दिसेल, आणि फाइलवर कुणीतरी 'स्पॅझम वाढतोय' लिहून जाईल. ३५ ते ४५ मध्ये ठेवा, आणि रोजचं मोजमाप शक्यतो सारख्याच सीओटूला करा.

ताप आणि कमी हिमोग्लोबिननेही वेग चढतो. सक्शन, फिजिओथेरपी, कूस बदलणं यांनंतर पंधरा-वीस मिनिटं जाऊ द्या. सिडेशनचा किंवा नॉरअॅडचा वेग नुकताच बदलला असेल तर थांबा. रुग्ण जागा असेल तर त्याला सांगा काय करतोय ते. कानाशेजारी थंड जेली लागली की माणूस दचकतो आणि बीपी दहाने उडतं.

## टप्पा ४: टीसीडी

यंत्र बरंच काही स्वतः मोजतं, पण त्याला आवाज आणि लाट शोधून देणारा हात तुमचाच असतो.

कानाच्या पुढे, गालफडाच्या हाडाच्या कमानीच्या किंचित वर प्रोब ठेवा. खोली ५५ मिलिमीटरपासून सुरू करा. एमसीए ४५ ते ६० मिलिमीटरमध्ये सापडते, आणि तिचा प्रवाह प्रोबकडे येणारा, म्हणजे रेषेच्या वर असतो. ६० ते ६५ च्या आसपास एकाच वेळी वर आणि खाली दोन्हीकडे लाट दिसली तर तुम्ही दुभाजनापाशी, म्हणजे मानेतून आलेली धमनी एमसीए आणि एसीए अशी विभागते तिथे आहात. ही तुमची ओळखीची खूण. तिथून उथळ येत एमसीएचा माग काढा, खोल जात प्रोबपासून दूर पळणारी एसीए (मेंदूची पुढची धमनी) शोधा.

एका जागी चांगली लाट मिळाली की हात थांबवायचा मोह होतो. थांबू नका. दर दोन-दोन मिलिमीटरवर, प्रोबचा कोन किंचित बदलत, सर्वांत जास्त वेग कुठे मिळतो ते शोधा. कोन चुकला की यंत्र वेग कमीच दाखवतं, जास्त कधी दाखवत नाही. म्हणून दोन जणांनी मोजलेल्या आकड्यांत फरक आला तर बहुधा जास्त आकडा काढणाऱ्याचा हात बरोबर असतो.

जागा मिळाली की त्वचेवर मार्करने खूण, चार्टवर खोली. उद्या दुसरं कुणी मोजणार आहे.

लिहायचा तो सरासरी वेग. वरचा टोकाचा वेग लिहून त्याची तुलना १२० च्या सीमेशी करणं ही रोजची चूक. यंत्राने सरासरी दिली नसेल तर: टोकाचा वेग अधिक तळाच्या वेगाची दुप्पट, भागिले तीन. टोक १५०, तळ ६० असेल तर सरासरी ९०. पल्सॅटिलिटी इंडेक्स म्हणजे टोक वजा तळ, भागिले सरासरी. इथे १. नेहमीचा पट्टा ०.६ ते १.१.

एमसीएचा सरासरी वेग प्रौढांत साधारण ५५ ते ६० सेंटिमीटर प्रति सेकंद असतो. १२० च्या वर गेला की स्पॅझमचा संशय, २०० च्या वर गंभीर स्पॅझमचा. एका दिवसात ५० ने उडी मारली तर आकडा १२० च्या खाली असला तरी कळवा. वयस्कर माणसात मूळ वेगच कमी असतो, त्यामुळे त्यांच्यात स्पॅझम कमी आकड्यालाही असू शकतो.

आता मानेकडे या. हे पाऊल लोक सर्रास गाळतात, कारण मानेत सेंट्रल लाईन असते, ड्रेसिंग असतं, कंटाळा आलेला असतो. जबड्याच्या कोनाखाली प्रोब वर-आत वळवून कवटीबाहेरची इंटर्नल कॅरोटिड ४० ते ६० मिलिमीटरवर पकडा. प्रवाह दूर जाणारा असतो. एमसीएचा सरासरी वेग भागिले या धमनीचा सरासरी वेग, हा लिंडेगार्ड रेशो. एमसीएचा वेग चढलेला असताना हा ३ च्या खाली असेल तर सगळीकडेच प्रवाह वाढलेला आहे. ३ ते ६ म्हणजे स्पॅझम, ६ च्या वर गंभीर.

एकदा एका बाईंची एमसीए १७० आली आणि नातेवाइकांना 'नस आकसली आहे' असं सांगूनही झालं होतं. मान तपासली तर कॅरोटिड ८१. रेशो २.१. अंगात १०२ ताप आणि हिमोग्लोबिन ७.८. धमनी ठीक होती.

सावधान: सुमारे १० ते १५ टक्के रुग्णांत, विशेषतः वयस्कर बायकांमध्ये, कानशिलाच्या हाडातून लाट मिळतच नाही. मिळाली नाही तर 'खिडकी नाही' असं लिहा. 'नॉर्मल' लिहू नका, रकाना रिकामाही सोडू नका. डोळ्यावरून बघायचं असेल तर आधी यंत्राची शक्ती कमीत कमी करा.

## टप्पा ५: जोडी लावा

इथवर जे केलं ते तयारीत मोडतं. ऑटोरेग्युलेशन तपासायला आता सुरुवात.

### अ. हालचाल आपोआप होऊ द्या

बीपी कधीच एका जागी बसत नाही, मिनिटभरातही दोन-चार मिलिमीटर वर-खाली होतं. त्या हेलकाव्यांमागे प्रवाह जातो का, एवढंच बघायचं. हेडबँडने प्रोब बसवा, हाताने नको. १०-१० सेकंदांच्या सरासरीने एमएपी आणि एमसीएचा वेग नोंदवा. ५ मिनिटांत ३० जोड्या होतात. त्या दोन रांगांतला सहसंबंध (दोन्ही किती बरोबरीने चढतात-उतरतात याचं माप) काढला की निर्देशांक मिळतो. सीपीपी वापरला तर त्याला एमएक्स म्हणतात, थेट आर्ट लाईनचं बीपी वापरलं तर एमएक्सए.

सॉफ्टवेअर असेल तर ते हे सतत करत राहतं. नसेल तर? एक जण मॉनिटर वाचतो, दुसरा टीसीडी, तिसरा लिहितो, आणि स्प्रेडशीटमधलं कोरेलेशनचं सूत्र बाकीचं काम करतं. ढोबळ आहे, कबूल, आणि पहिल्यांदा केलं तेव्हा आमचे ब्रदर म्हणाले, "मॅडम, हा तर भिशीचा हिशेब." पण नातं दिसतं. एका पाच मिनिटांवर निकाल देऊ नका. निदान अर्धा तास, म्हणजे असे सहा तुकडे घ्या आणि त्यांची सरासरी काढा.

शून्याच्या आसपास किंवा उणे आलं तर प्रवाह दाबापासून मोकळा आहे. ०.३ च्या वर सतत राहत असेल तर नियमन बिघडलंय असं धरा. मधला पट्टा धूसर आहे, तिथे उद्याच्या आकड्याची वाट बघा.

तपासा: त्या पाच मिनिटांत एमएपी जागचं हललंच नसेल, तर आलेला आकडा निरर्थक आहे. दाब हललाच नाही तर प्रवाह त्याच्या मागे गेला की नाही, हे कळणार कसं? तसंच मध्ये खोकला, सक्शन किंवा आर्ट लाईनचं फ्लशिंग झालं असेल तर तो तुकडा फेकून द्या.

### आ. आयसीपीची तार असेल तर

बीपी आणि आयसीपी यांचा असाच सहसंबंध म्हणजे पीआरएक्स. धमन्या जाग्या असतील तर बीपी चढल्यावर त्या आकसतात, डोक्यातलं रक्त कमी होतं आणि आयसीपी किंचित उतरतो. धमन्या सुस्तावल्या असतील तर बीपीबरोबर आयसीपीही चढतो. ०.२५ ते ०.३ च्या वर सतत राहणं वाईट. मोठी सोय म्हणजे रात्रंदिवस चालतो, कुणाला प्रोब धरावा लागत नाही.

पण ईव्हीडी उघडी असताना पीआरएक्स बघूच नका. निचरा चालू असला की आयसीपीला चढायला वावच नसतो, त्यामुळे निर्देशांक उगाच चांगला दिसतो. कवटीचं हाड काढलेलं असेल तरी हा आकडा जपून वाचा. सबअरॅक्नॉइडमध्ये बहुतेकांना ईव्हीडी असते आणि ती उघडी असते, म्हणून माझा भर टीसीडीवर आहे.

### इ. उपचारासाठी बीपी बदलणारच असेल तर

ही सर्वांत स्वस्त चाचणी, आणि रोज वाया जाते. कन्सल्टंटने बीपी वाढवायला सांगितलंय. नॉरअॅड वाढवण्याआधी टीसीडी करा. एमएपी नव्या जागी पंधरा मिनिटं स्थिरावलं की पुन्हा करा. प्रोब त्याच खुणेवर, त्याच खोलीला, सीओटू तोच.

समजा एमएपी ८५ वरून १०५ वर गेलं. एमसीए १४० ची १४३ झाली तर नियमन टिकून आहे. १४० ची १७२ झाली तर? दाब साधारण २३ टक्क्यांनी वाढला आणि वेगही जवळपास तेवढाच. धमन्यांनी काहीच आवर घातला नाही. या बाजूला बीपी पडलं तर प्रवाहही तसाच पडेल, हे रात्रपाळीला सांगायलाच हवं.

सावधान: चाचणीच्या हौसेखातर बीपी चढवू-उतरवू नका. मानेची धमनी काही सेकंद दाबून सोडण्याचीही एक चाचणी आहे. कॅरोटिडमध्ये चरबीचा थर असेल तर ती धोक्याची, दाबल्याने नाडी मंदावूही शकते. मानेचा डॉपलर न बघता आणि सीनियर शेजारी नसताना ती करू नका.

कपाळावरच्या निअर-इन्फ्रारेड पट्ट्यांनीही असा सहसंबंध काढता येतो. त्यांना फक्त कपाळामागचा भाग दिसतो, आणि डोक्याच्या त्वचेची सूज किंवा तिच्याखाली साचलेलं रक्त आकडा बिघडवतं. दुसरं काही नसेल तेव्हा त्या वापरा.

## टप्पा ६: आकडे एकत्र वाचा

वेग वाढलेला, रेशो ३ च्या वर आणि सहसंबंधही वाढलेला: सर्वांत काळजीचं. मोठी धमनी आकसली आहे आणि पुढच्या बारीक धमन्यांची भरपाई करायची ताकद संपलीय. लगेच फोन.

वेग वाढलेला पण रेशो ३ च्या खाली: हिमोग्लोबिन, ताप, सीओटू बघा.

वेग साधारण पण सहसंबंध वाढलेला: याच रुग्णाकडे दुर्लक्ष होतं, कारण टीसीडीच्या कागदावर 'स्पॅझम नाही' असतं. नियमन स्पॅझमशिवायही बिघडतं. अशा रुग्णाचं बीपी डायलिसिसला, सीटीला नेताना किंवा सिडेशन देताना पडू देऊ नका.

वेग कमी आणि पल्सॅटिलिटी इंडेक्स चढता: आयसीपी वाढतोय का बघा. ईव्हीडी तुंबली आहे का, हे पहिलं.

एक मर्यादा कायम ध्यानात असू द्या. टीसीडी वेग मोजतं, प्रवाह मोजत नाही. धमनीचा व्यास तोच असेल तरच वेगावरून प्रवाहाचा अंदाज येतो. काल-आजच्या वेगांची तुलना करताना स्पॅझममुळे व्यास बदललेला असू शकतो. पाच मिनिटांच्या आतल्या चढउतारांत तो फारसा बदलत नाही, म्हणून जोड्यांची पद्धत जास्त भरवशाची.

## टप्पा ७: रुग्ण आधी बघा, मग फोन

जीसीएस दोनने उतरला किंवा हात-पाय, बोलणं यांत नवी कमजोरी आली आणि तासभर टिकली, तर मेंदूला रक्त कमी पडतंय असं समजून चला. पण तो तास वाट बघण्यात घालवू नका, त्यात हे उरका: साखर, सोडियम, ऑक्सिजन, ताप, ईव्हीडीची लाट, झटके आहेत का. मग सीटी. ही यादी संपल्याशिवाय 'स्पॅझम' हा शब्द तोंडातून काढायचा नाही असा आमच्याकडे नियम आहे. सोडियम १२१ असताना त्याला स्पॅझम म्हणणं फार सोपं असतं.

फोनवर क्रम असा: रक्तस्रावाचा कितवा दिवस, जीसीएस काल किती आज किती, एमएपी आणि त्याच मिनिटाचा वेग, रेशो, सहसंबंध, ईव्हीडीतून किती निघालं. 'टीसीडी जरा वाढलंय' एवढं सांगून फोन ठेवू नका.

बीपी मुद्दाम चढवण्याचा निर्णय लक्षणं असलेल्या रुग्णापुरता आणि फुगा बंद असेल तरच. लक्षणं नसताना फक्त टीसीडीचा आकडा बघून आगाऊ बीपी आणि सलाइन वाढवत राहू नका. २०२३ च्या अमेरिकन सूचनांत हे अपायकारक म्हणून नोंदलेलं आहे. शरीरातलं पाणी नेमकं हवं तेवढं ठेवायचं, कमी नाही आणि जास्तही नाही. सॉफ्टवेअर 'या रुग्णाचा सर्वोत्तम सीपीपी' असा आकडा दाखवत असेल तर तो कन्सल्टंटला सांगा, पण त्यामागे स्वतःहून धावू नका. त्या पद्धतीची चाचणी डोक्याला मार लागलेल्या रुग्णांत झालीय, तीही ती सुरक्षित आहे का आणि जमते का एवढंच बघायला.

## टप्पा ८: निमोडिपिन, हँडओव्हर आणि थांबणं

निमोडिपिन (रक्तस्रावानंतर मेंदूला रक्त कमी पडू नये म्हणून देतात ते औषध) ६० मिलिग्रॅम दर चार तासांनी, २१ दिवस. डोसनंतर अर्ध्या-एक तासात बीपी पडतं का ते वेगळं बघा. नियमन बिघडलेल्या रुग्णात ती दिवसातली सहा पडझडीची वेळापत्रकं असतात, आणि तासाच्या चार्टवर ती दोन नोंदींच्या मध्ये हरवतात. पडत असेल तर डॉक्टर ३० मिलिग्रॅम दर दोन तासांनी असं वाटून देऊ शकतात. 'बीपी कमी होतं म्हणून डोस दिला नाही' असं लिहून गप्प बसू नका, कळवा. आणि टीसीडी कधी डोसच्या आधी, कधी नंतर असं करू नका. एक वेळ ठरवा आणि पाळा.

दुसऱ्या ते चौदाव्या दिवसात रोज, शक्यतो त्याच वेळी, त्याच हातांनी टीसीडी. हँडओव्हर खाटेपाशी, पट्टी लावून पातळी दाखवून. चौदाव्या दिवसानंतर वेग सलग उतरत असेल, लक्षणं नसतील आणि आर्ट लाईनही काढायची असेल तर कन्सल्टंटला विचारून थांबा.

रुग्ण वॉर्डात गेला की निमोडिपिनचे रात्री दोनचे आणि सकाळी सहाचे डोस गळायला लागतात. गोळी ३० मिलिग्रॅमची असते, म्हणजे दिवसाला १२ गोळ्या. ट्रान्स्फर नोटवर 'निमोडिपिन चालू' एवढंच न लिहिता कुठल्या तारखेच्या कुठल्या डोसपर्यंत चालू, ते लिहा, आणि घरी जाणार असेल तर उरलेल्या गोळ्या मोजून नातेवाइकांच्या हातात द्या. रात्री दोनचा गजर त्यांच्या मोबाइलवर तिथेच लावून घ्या.